तालमीनंतर: कॉलेजच्या आयसीसीकडे तक्रार करताना

मे महिन्यात प्राचार्यांच्या सहीचा आदेश हातात आला. अपिलाची मुदत त्याआधीच संपली होती, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. डिसेंबरात मी आमच्या कॉलेजच्या अंतर्गत तक्रार समितीकडे, म्हणजे सगळे जिला आयसीसी म्हणतात तिच्याकडे, लैंगिक छळाची तक्रार दिली होती. त्याआधी कितीतरी रात्री मी मराठीत कुणी काही लिहिलंय का ते शोधत होते. तक्रार दिल्यावर नक्की काय होतं, कोणाकोणासमोर बसवतात, आईबाबांना बोलावतात का? कायद्याची कलमं सापडली, पण त्यातून गेलेल्या मुलीने लिहिलेलं काही सापडलं नाही.

आधी काय लिहिणार नाही ते सांगते. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याच्या सोळाव्या कलमानुसार तक्रारीतला मजकूर, चौकशीत झालेलं बोलणं आणि कुणाचीही ओळख जाहीर करता येत नाही. न्याय मिळाला एवढं, ओळख पटू न देता, सांगता येतं. म्हणून कॉलेजचं नाव नाही, नाटकाचं नाही, माणसांची नाहीत, आणि काही तपशील बदललेत. हे बंधन मला जाचक वाटलं नाही. त्याने मलाही सांभाळलं.

मुंबईत ज्यांनी कॉलेजची एकांकिका केली आहे त्यांना तालमीचं जग माहीत आहे. लेक्चर्स संपली की सुरू होते, वॉचमनकाका दिवे घालवायला लागले की दादर-परळच्या एखाद्या भाड्याच्या हॉलमध्ये हलते, आणि शेवटच्या कल्याण लोकलच्या हिशेबाने संपते. दिग्दर्शक बहुतेकदा सीनियर असतो आणि त्याचा शब्द शेवटचा. मी एस.वाय.ला होते, आमचा दिग्दर्शक त्याच कॉलेजात एम.ए. करत होता. एका प्रसंगात मिठी होती. संहितेचं वाचन झालं तेव्हा मला विचारलं होतं, मी हो म्हटलं होतं. त्या होकाराबद्दल मला आजही काही वाटत नाही. प्रसंग चांगला होता आणि मला तो करायचा होता. पण तालीम संपून बाकीचे खाली चहाला गेल्यावर, ‘तू अजून अवघडतेस, ते काढायला हवं’ असं म्हणत त्याच्याकडून जे व्हायला लागलं, त्याला मी हो म्हटलं नव्हतं. घटनेबद्दल इतकंच.

शेवटची घटना सप्टेंबरच्या मध्यावर, परळच्या हॉलमध्ये झाली. मी नाटक सोडलं. ग्रुपवर ‘घरी अडचण आहे’ एवढं लिहिलं आणि महिनाभर कुणाचे फोन घेतले नाहीत.

ऑक्टोबरमध्ये आईला सांगितलं. तिचं पहिलं वाक्य होतं, “मी तुला रात्रीच्या तालमींना नको म्हणत होते.” मी उठून गॅलरीत गेले. दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटता लाटता, माझ्याकडे न बघता ती म्हणाली, “कुठे जायचं ते सांग. मी रजा टाकते.” त्यानंतर तिने ते पहिलं वाक्य पुन्हा कधी काढलं नाही. इथे एक गोष्ट सांगून ठेवते: तुम्ही १८ पूर्ण केलेली असाल तर तक्रारीसाठी पालकांची परवानगी लागत नाही. घरी सांगायचं की नाही, कधी सांगायचं, हे तुम्ही ठरवायचं.

दिवाळीनंतर कॉलेज उघडलं तेव्हा मी ओळखीच्या एका सरांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग विचारलं, “तू त्याला स्पष्ट नाही म्हणालीस का?” मी सांगितलं की हात बाजूला केला, घरी जायचंय म्हटलं, बॅग उचलली. सर म्हणाले, “तसं नव्हे. तोंडाने ‘नाही’ म्हणालीस का? कसं असतं, मौनं संमतिलक्षणम्.” त्यांच्या मनात वाईट नव्हतं. ते मला येणाऱ्या प्रश्नांची तयारी करून देत होते, असंच त्यांना वाटत होतं. पण त्या दिवशी घरी येताना मला पटत चाललं होतं की आपल्याकडे काही नाहीच, तक्रार करण्यासारखं.

ते मनातून काढलं एका वकील मॅडमनी. मैत्रिणीच्या मावशीच्या ओळखीने मी एका महिला संस्थेत गेले, तिथे त्या आठवड्यातून एकदा विनामूल्य सल्ला देतात. त्यांनी आधी मथुराची केस सांगितली. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस चौकीत मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केला. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणजे विरोध नव्हता, अशी ती विचाराची दिशा. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं: शरण जाणं आणि संमती देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. देशभर बायका रस्त्यावर आल्या, मुंबईतही आल्या, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. फौजदारी कायद्यातल्या २०१३ च्या दुरुस्तीनंतर तर संमतीची व्याख्याच कायद्यात आली. ती स्वेच्छेने दिलेली आणि निःसंदिग्ध हवी, त्या विशिष्ट कृतीसाठी हवी, शब्दांनी किंवा खुणेने, पण व्यक्त झालेली हवी. केवळ अंगाने प्रतिकार केला नाही म्हणून संमती होती असं धरता येत नाही. आताच्या भारतीय न्याय संहितेच्या ६३ व्या कलमात हेच आहे. “ही व्याख्या बलात्काराच्या कलमातली आहे,” मॅडम म्हणाल्या, “तुझ्या तक्रारीत कसोटी याहून साधी आहे. ते वागणं तुला नकोसं होतं का, आणि समोरच्याला ते कळण्यासारखं होतं का.”

‘त्या विशिष्ट कृतीसाठी’ हे शब्द मी वहीत लिहून घेतले. माझ्या अख्ख्या प्रकरणात अडकण्याची जागा तीच होती. सगळ्यांसमोर रोज मिठी मारतेस, मग आता काय झालं, हे मला त्यानेही ऐकवलं होतं आणि नंतर ग्रुपमधल्या दोघींनीही. माझं उत्तर मला तिथे मिळालं. मी हो म्हटलं ते प्रसंगाला. तो प्रसंग कुठे सुरू होतो, कुठे संपतो, किती जण बघत असतात, हे सगळं त्या होकारात होतं. दिवे बंद झाल्यावर तो होकार पुढे चालू राहत नाही. आणि नाटकवाल्यांना हे समजायला अवघड असू नये. आमचा दिग्दर्शक प्रत्येक ब्लॅकआउटच्या आधी प्रकाशयोजना सांभाळणाऱ्याला विचारायचा, “रेडी?” संगीतवाल्याला विचारायचा. उत्तर आलं नाही तर थांबायचा. विचारणं त्याला येत होतं.

मग कागदपत्रं. आमच्या कॉलेजात महिला विकास कक्ष आहे, मुंबईतल्या बऱ्याच कॉलेजांत असतो. मी आधी तिथे गेले. कक्ष व्याख्यानं, शिबिरं घेतो. औपचारिक चौकशी करून शिफारस करण्याचे अधिकार आयसीसीचे. कधीकधी दोन्हीकडे माणसं तीच असतात, म्हणून घोटाळा होतो. समितीच्या सदस्यांची नावं दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. आमच्याकडचा फलक जिन्याखाली होता आणि त्यावरच्या एक मॅडम निवृत्त झालेल्या होत्या. ऑफिसात सध्याची यादी मागितली तर उत्तर आलं, “पण तुमचं तर कॉलेजबाहेर घडलंय ना? मग आमचा काय संबंध?” याचं उत्तर सोबत ठेवा. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१५ च्या नियमांत ‘कॅम्पस’ची व्याख्या रुंद आहे. सहली, प्रशिक्षण, क्रीडा स्पर्धा, सांस्कृतिक महोत्सव, जिथे तुम्ही विद्यार्थी म्हणून गेलात ते सगळं त्यात येतं. मी त्या पानाची प्रिंट काढून नेली होती. क्लार्कने ती दोनदा वाचली आणि यादी दिली.

मुदत घटनेपासून तीन महिन्यांची असते. घटनांची मालिका असेल तर शेवटच्या घटनेपासून. सबळ कारण लेखी दिलं तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. माझी मुदत डिसेंबरच्या मध्यावर संपत होती.

सगळ्यांत अवघड गेलं ते तक्रार लिहिणं, सुनावणीपेक्षाही. पहिला मसुदा नुसता राग होता. वकील मॅडमनी तो वाचून बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, “हे फाडू नकोस, पण हे समितीसाठी नाही.” प्रत्येक घटनेसाठी वेगळा परिच्छेद: तारीख, जागा, तो काय म्हणाला, त्याने काय केलं, मी काय केलं, आसपास कोण होतं, नंतर मी कुणाला सांगितलं. विशेषणं काढून टाकायची. तारखा आठवत नसतील तर शोधता येतात. मला त्या यूटीएस अ‍ॅपवरच्या जुन्या तिकिटांतून, तालमीच्या ग्रुपवरच्या ‘आज सातला’ अशा मेसेजमधून आणि फोनमधल्या फोटोंच्या वेळांवरून मिळाल्या. व्हॉट्सअ‍ॅपचे नुसते कापलेले स्क्रीनशॉट देऊ नका. अख्खं चॅट एक्सपोर्ट करा, तारीख-वेळ दिसू द्या, मूळ फोनमधलं काही पुसू नका. एका रात्री घरी पोचल्यावर मी मैत्रिणीला लांबलचक मेसेज केला होता. तो पुढे फार कामी आला.

२०१३ च्या कायद्याखालच्या नियमांत तक्रारीच्या सहा प्रती मागितल्या आहेत, सोबत पुरावे आणि साक्षीदारांची नावं-पत्ते. प्रिंट, झेरॉक्स, फाइल्स मिळून चारशेच्या आसपास गेले, पेनड्राइव्हचे साडेतीनशे. तक्रारीला फी नाही, स्टॅम्प पेपर नाही, नोटरी नाही.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आईबरोबर जाऊन तक्रार दिली. “ठेवून जा, मॅडम आल्या की देते,” असं ऐकलं तर ठेवून जाऊ नका. आपल्या प्रतीवर सही, शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. मी तीच तक्रार त्याच दिवशी अध्यक्ष मॅडमना ईमेलनेही पाठवली. त्या क्षणापासून घड्याळ सुरू होतं: सात दिवसांत समोरच्याला प्रत, त्याला उत्तराला दहा दिवस, चौकशी नव्वद दिवसांत पूर्ण, त्यानंतर दहा दिवसांत अहवाल. हे आकडे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिले होते. मुदत जवळ आली की विनम्र भाषेत एक ईमेल करायचा. कुणी रागावलं नाही. उलट दर वेळी काहीतरी हललं.

समितीत अध्यक्ष म्हणून ज्येष्ठ प्राध्यापिका असतात, शिवाय शिक्षक, शिक्षकेतर कर्मचारी, बाहेरच्या संस्थेची एक व्यक्ती, आणि प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर तीन विद्यार्थी. निम्म्याहून कमी बायका चालत नाहीत. प्राचार्य किंवा विभागप्रमुख सदस्य होऊ शकत नाहीत. विद्यार्थ्यांपैकी एकाने त्याच्याबरोबर आधी नाटक केलं होतं. मी तसा अर्ज दिला आणि अध्यक्ष मॅडमनी कसलीही खळखळ न करता तो सदस्य बदलला. याच अर्जात अंतरिम दिलासाही मागितला. चौकशी संपेपर्यंत त्याने माझ्यापासून लांब राहावं आणि तालमीच्या हॉलमध्ये येऊ नये, असं त्याला लेखी कळवलं गेलं. हे आपणहून मिळेलच असं नाही, मागावं लागतं. रजा मागता येते, तुकडी बदलून मागता येते, आणि समोरची व्यक्ती शिक्षक असेल तर तुमचे पेपर त्यांच्याकडे तपासायला जाऊ नयेत हेही मागता येतं.

नाताळच्या सुट्टीत सगळं थांबलं. ते दिवस वाईट गेले. गोपनीयतेचा नियम असूनही बातमी फुटली होती. ‘त्याचं करिअर’, ‘एवढंसं झालं तर’, ‘नाटकच करायचं नव्हतं तर आली कशाला’ असं इकडून तिकडून कानावर येत होतं. मी कुणाला उत्तर दिलं नाही, पण मेसेज जपून ठेवून अध्यक्षांना कळवलं, आणि समितीने संबंधितांना लेखी समज दिली. त्याच काळात मी टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसच्या ‘आयकॉल’ हेल्पलाइनवर फोन करायला लागले, ती मोफत आहे. पुढे एका समुपदेशकांकडे जायला लागले. त्या विद्यार्थ्यांकडून सातशे रुपये घेत. पहिल्या मसुद्यातला राग मी त्यांना वाचून दाखवला.

सुनावणी जानेवारीत सुरू झाली. काय विचारलं ते लिहिणार नाही, कशी असते ते सांगते. एक मोठं टेबल, कोपऱ्यात लिहून घेणारी व्यक्ती. अध्यक्षांसह किमान तीन सदस्य हजर लागतात. वकील कुणालाच आणता येत नाही, त्यालाही नाही. आई बाहेर बाकावर बसली होती. आम्हा दोघांना एका वेळी समोरासमोर बसवू नका असं मी आधीच लिहून दिलं होतं आणि ते पाळलं गेलं. त्याचे प्रश्न लेखी आले आणि अध्यक्षांमार्फत विचारले गेले. आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ म्हणता येतं. पाणी मागता येतं, बाहेर जाऊन येता येतं. मी दोन्ही केलं.

एक प्रश्न मात्र समितीने विचारो न विचारो, जग विचारतंच: दुसऱ्या दिवशी तालमीला का गेलीस? मी त्याचं उत्तर घरी लिहून काढलं होतं. गेले, कारण स्पर्धा तोंडावर होती आणि माझ्याशिवाय पंधराएक जणांची मेहनत त्यात होती. गेले, कारण पुन्हा असं होणार नाही असं मला वाटायचं होतं. परत जाण्यात त्याला कुठलीही परवानगी नव्हती. तुमचं कारण वेगळं असेल, पण ते खरं असेल तर जसंच्या तसं सांगा, सजवू नका.

जबाब वाचल्याशिवाय सही करू नका. माझ्या जबाबात एक वाक्य असं उतरलं होतं की जे त्याने केलं ते दोघांनी मिळून केल्यासारखं वाटावं. लिहिणाऱ्यांचा हेतू तसा नव्हता, त्यांना ते ‘सभ्य’ भाषेत मांडायचं होतं. मी दुरुस्ती सुचवली, बाजूला सही केली आणि प्रत मागून घेतली.

मध्ये कुणीतरी समेटाचं सुचवून पाहिलं. माफी मागतो, मिटवून टाका. समेटाचा मार्ग नियमांत आहे, पण तो तक्रारदाराने मागायचा असतो आणि पैशांच्या देवाणघेवाणीवर होऊ शकत नाही. मी नको असल्याचं लेखी दिलं. पोलिसांचा रस्ताही समांतर खुला असतो, न्याय संहितेचं ७५ वं कलम लैंगिक छळाचं आहे, आणि तुम्हाला गुन्हा नोंदवायचा असेल तर कॉलेजने मदत करायची असते. मी तो घेतला नाही, तो माझा निर्णय. मारहाण किंवा बलात्कार झाला असेल तर मात्र समितीची वाट बघू नका. ११२ ला फोन करा, आधी रुग्णालय गाठा. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० सालापासून ‘दिलासा’ केंद्र आहे, तिथे हिंसा सोसलेल्या बायकांना कसं सांभाळायचं हे कळणारी माणसं बसतात.

मार्चच्या मध्यावर अहवाल आला, परीक्षा तोंडावर असताना. दोन्ही बाजूंना प्रत मिळते. मी दोन घटना मांडल्या होत्या. त्यातली एक, मैत्रिणीला केलेल्या मेसेजमुळे आणि एका साक्षीमुळे, सिद्ध झाली. दुसरीबद्दल ‘उपलब्ध पुराव्यावरून निष्कर्ष काढता येत नाही’ असं लिहिलं होतं. मी सिद्ध झालेल्या घटनेचा परिच्छेद एकदाच वाचला आणि दुसरा पुन्हा पुन्हा. वकील मॅडमनी फोनवर कायद्याचं चौदावं कलम वाचून दाखवलं: पुरेसा पुरावा देता आला नाही एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही, तक्रारदारावर कारवाई होत नाही. हे मला डोक्याने पटलं. बाकी अजून पटतंय.

शिफारशी अशा होत्या: उरलेल्या सत्रात परीक्षेखेरीज कॅम्पसमध्ये प्रवेश नाही, अभ्यासक्रम संपेपर्यंत सांस्कृतिक कार्यक्रमांत सहभाग नाही, आणि सक्तीचं समुपदेशन. कमी आहे असं माझ्या काही मैत्रिणींना वाटलं, जास्त आहे असं काहींना. मला समुपदेशनाची अट सर्वांत महत्त्वाची वाटली, कारण तो यापुढेही नाटक करणार आहे, आणि समोर कुणीतरी मुलगी असणार आहे. अपिलाला तीस दिवस असतात. ते झालं नाही. आदेशाची सही-शिक्क्याची प्रत मला परीक्षा संपल्यावर, दोनदा आठवण केल्यानंतर मिळाली. ती मागून घ्या, ‘कळवलंय त्याला’ या तोंडी उत्तरावर थांबू नका.

आता जून आहे, मी टी.वाय.ला आले आहे आणि नव्या एकांकिकेच्या संहिता वाचायला सुरुवात झाली आहे. आम्ही चौघींनी आणि दोन मुलांनी मिळून तालमीसाठी एक पानभर नियम लिहिले आहेत. स्पर्शाचा प्रसंग असेल तर तो आधी बसून, शब्दांत ठरवायचा. दोन्ही नटांनी सांगितल्याशिवाय त्यात बदल नाही. त्या प्रसंगाच्या तालमीला तिसरी व्यक्ती हजर हवी. आधी दिलेला होकार कधीही मागे घेता येतो आणि त्यामुळे भूमिका जात नाही. मुंबईतल्या काही चित्रीकरणांवर आता यासाठी वेगळी व्यक्ती नेमतात, तेव्हा कॉलेजला एक पान जड जाऊ नये. शेवटच्या नियमावर एका सीनियरचा आक्षेप आहे, स्पर्धेच्या आदल्या दिवशी कुणी नाही म्हटलं तर काय करायचं असं त्याचं म्हणणं. आम्ही त्याला प्रसंग बदलायचा असं उत्तर दिलंय. पुढच्या आठवड्यात सांस्कृतिक समितीची बैठक आहे, तिथे तो कागद ठेवणार आहोत, आणि त्याच्याबरोबर आयसीसीच्या सध्याच्या सदस्यांची यादी, जिन्याखालच्या फलकासाठी.